बाबांची शिफ्ट आणि माझे मार्क

मी याद्या करते. बाजाराची, औषधांची, ऑफिसात कोणाच्या टेबलावर कोणती फाइल अडकली आहे त्याची, आणि गावाला निघताना गॅस, नळ, कुलूप यांचीसुद्धा. माझी मुलगी हसते. तिला वाटतं, हा वयाचा परिणाम. पण पहिली यादी मी नववीत केली, आणि ती बाजाराची नव्हती. ती एका संशयातून निघाली होती. संशय माझा अनघावर होता. पुढे तोच संशय फिरून माझ्यावर आला, आणि त्याची किंमत ज्याने चुकवली त्याचा तर त्या संशयाशी काही संबंधच नव्हता.

उत्तर नागपुरात, विहारापासून चौथ्या गल्लीत आमचं घर होतं. घर म्हणजे एक खोली आणि तिच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर. खोलीत एक ट्यूबलाइट, तिच्याखाली बाबांचा पलंग. बाबा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मशीनवर होते. कंपनीची बस आमच्या चौकात यायची आणि आमच्या घराचं सगळं घड्याळ त्या बसवर चालायचं. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. फर्स्टचा आठवडा असला की बस पहाटे साडेपाचला, म्हणून बाबा रात्री साडेआठला झोपत आणि साडेआठला ट्यूबलाइट बंद होई. पडद्यामागे मेणबत्ती लावून पाहिली, पण पडदा जुन्या लुगड्याचा. उजेड थेट बाबांच्या तोंडावर जायचा. नाइटचा आठवडा असला की बाबा सकाळी आठला परत येऊन नऊला झोपायचे, ते साडेतीनपर्यंत. मी शाळेतून सव्वाला घरी यायची ती चपला हातात घेऊन. आई कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही; वाफ सुसू करायला लागली की कुकर खाली. जवसाची चटणी त्या आठवड्यात वाटली जायची नाही, कारण पाट्यावरच्या वरवंट्याचा आवाज बाबांना झोपेत मशीनसारखा वाटायचा आणि ते दचकून उठायचे. माझा धाकटा भाऊ राजू गोट्या खेळायला तिसऱ्या गल्लीत हाकलला जायचा. संध्याकाळी बाबा जागे, म्हणजे त्यांना भेटायला येणारे लोक, पलंगावर चार, जमिनीवर तीन, चहा आणि कंपनीच्या गोष्टी.

आणि सेकंडचा आठवडा. बाबा दुपारी दीडला निघायचे, मध्यरात्री परत. तोपर्यंत ट्यूबलाइट आमची, पलंग आमचा. आई वांग्याच्या भाजीत तेल जरा सढळ सोडायची, राजू मोठ्याने पाढे म्हणायचा आणि मी पलंगावर पुस्तकं पसरून गणितं सोडवायची. बाबा घरात नाहीत याचा आनंद होतो, हे मला कळत होतं आणि ते मी कोणाला सांगत नव्हते.

भाषणांत सांगतात की मोठी माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकली. आमच्या गल्लीच्या दिव्याखाली पत्ते खेळणारे बसत. विहारात अभ्यासाला जागा होती, ट्यूबलाइट होत्या, मोठी मुलं लहानांना शिकवायचीसुद्धा. पण अंधार पडल्यावर आई मला चौथ्या गल्लीच्या बाहेर सोडत नसे. “दिवस राहते तोवर जा,” म्हणायची. “अंधारात पुस्तक दिसत नाही, पोरगी दिसते.”

शाळा सीताबर्डीजवळ, मुलींची, सकाळची. अनघा माझ्या पुढच्या बाकावर बसायची. रामदासपेठेत राहायची, तिचे वडील बँकेत होते. गणिताच्या प्रत्येक चाचणीत तिला पंचवीसपैकी तेवीस नाहीतर चोवीस. कधी बावीस नाही, कधी एकोणीस नाही. मला ते पटत नव्हतं. माणसाला एखादा दिवस तरी वाईट जातोच. म्हणजे हिला पेपर आधी मिळतो. मॅडम त्यांच्या ओळखीच्या असणार. मी पाळत ठेवायला लागले. मॅडम वर्गात आल्या की अनघाकडे आधी बघतात का, तिच्या डब्यात मॅडमच्या घरचं काही असतं का, दोघी शाळा सुटल्यावर एका दिशेने जातात का. काही सापडलं नाही. जितकं सापडत नव्हतं तितका संशय पक्का होत होता.

मग विज्ञानाचा तक्ता दोघींनी मिळून करायचा ठरला आणि अनघा म्हणाली, “आमच्याकडे ये ना, टेबल मोठं आहे.” मी गेले ते टेबलासाठी नाही, पेपर शोधायला गेले.

पेपर नव्हता. खिडकीशी एक टेबल होतं, फक्त अनघाचं. तिने वही उघडली तशी तिच्या आजोबांनी न सांगता टीव्हीचा आवाज कमी केला. तिच्या आईने, काकूंनी, कोणाला तरी फोनवर सांगितलं, “या आठवड्यात नका येऊ हं, हिच्या चाचण्या आहेत.” मी ते ऐकून हातातली पेन्सिल थांबवली. पाहुण्यांना येऊ नका म्हणता येतं, तेही नववीतल्या मुलीसाठी! सव्वासहाला स्कूटरचा आवाज आला, तिचे वडील आत आले, बूट काढता काढता म्हणाले, “कितवं प्रकरण?” अनघा म्हणाली, “सातवं.” “सोपं आहे ते. आठव्यात अडशील, तेव्हा मला बोलाव.” बस. एवढंच. मी वाट पाहत राहिले की आता काहीतरी गुपित बाहेर येईल. काकूंनी पोहे दिले, खोबरं-कोथिंबीर घातलेले, तर्रीशिवाय. पाणी दिलं. अनघाला काचेच्या ग्लासात, मला स्टीलच्या पेल्यात.

घरी आल्यावर आईने तक्त्याबद्दल विचारलं नाही. हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, “पाणी कशात देल्लं?”

“स्टीलच्या पेल्यात.”

“अन् तिले?”

“तिलेही त्याच्यातच,” मी म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं नाही, पण तिला कळलं असावं. त्यानंतर अनघाच्या घरी जायचं म्हटलं की तिला नेमकं घरात काम आठवायचं. मागच्या वर्षी अनघा मला मेट्रोत भेटली. केस पिकलेत, हसते तशीच. मला विचारावंसं वाटलं, तुमच्याकडे काचेचा ग्लास एकच होता का गं? विचारलं नाही. काकूंनी त्या दिवशी मला दुसऱ्यांदा पोहे वाढले होते, हेही खरं आहे. माझ्या यादीत तो रकाना अजून रिकामा आहे.

त्या संध्याकाळी मी अनघाचे आणि माझे मार्क शेजारी शेजारी लिहून काढले. कोरी वही नव्हती म्हणून कंपनीच्या डायरीत लिहिले. ही डायरी बाबांना दिवाळीला मिळायची आणि तिचा एकच उपयोग होता. दर आठवड्याच्या पानावर बाबांची शिफ्ट लिहायची, म्हणजे डबा कधी करायचा ते आईला कळे. आईला लिहिता येत नव्हतं, पण मी लिहिलेली तीन अक्षरं ती ओळखायची: फ, से, ना. मी चाचणीची तारीख शोधत पानं उलटायची आणि त्याच पानावर मार्क टाकायची. से, बावीस. फ, नऊ. से, तेवीस. ना, पंधरा. फ, अकरा. मी पेन खाली ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. मग इंग्रजीचे मार्क टाकले, मग भूगोलाचे. सगळे बाबांच्या बसमध्ये बसून ये-जा करत होते.

अनघाच्या मार्कांपुढे लिहायला अक्षर नव्हतं. तिच्या वडिलांना शिफ्ट नव्हती.

हे शोधून मला आनंद व्हायला हवा होता, कारण मी मठ्ठ नाही हे त्यातून दिसत होतं. मला भीती वाटली. पलंगावर बाबा आडवे झाले होते, फर्स्टचा आठवडा होता, आठ पंचवीस झाले होते. मी डायरी दप्तरात तळाला घातली. दुसऱ्या दिवशी आईसाठी शिफ्टा एका कॅलेंडरच्या मागे उतरवून दिल्या आणि डायरी हरवली म्हणून सांगितलं.

नववी संपताना शाळेने दहावीसाठी बारा मुलींची खास बॅच काढली. शाळा सुटल्यावर साडेबारा ते दोन, गणित आणि विज्ञान, फुकट. शिकवणी लावणं आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही नव्हतं, त्यामुळे माझ्यासाठी हा एकच दरवाजा होता. फळ्यावर लागलेल्या यादीत माझं नाव नववं होतं. ते मी तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यावर निळ्या शाईची रेघ होती.

गणिताच्या मॅडमनी मला स्टाफरूमच्या दारात उभं केलं. “बावीस, नऊ, तेवीस, पंधरा, अकरा,” त्यांनी माझ्या तोंडावर वाचून दाखवलं. “अभ्यास करणाऱ्या मुलीचे मार्क असे नसतात. जमलं तेव्हा पुढच्या बाकावरून उतरवलं, नाही जमलं तेव्हा आपटलीस. खरं ना?”

“नाही मॅडम.”

“तुम्हा लोकांना सवलत असतेच ना पुढे? मग नक्कल कशाला करायची? उद्या वडिलांना घेऊन ये. नाही आले तर दुसऱ्या मुलीचं नाव घालते.”

वर्गात अनघाने मागे वळून म्हटलं, “मी सांगते त्यांना, तू माझं बघत नाहीस.” मला ते चांगुलपण वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिचा शब्द चालतो आणि माझा चालत नाही, म्हणून ही सांगणार. मी म्हटलं, “नको.”

दुसऱ्या दिवशी बाबा नाइट करून चौकात उतरले ते घरी न येता, चौकात ठेवलेल्या सायकलने थेट शाळेत आले. मधल्या सुट्टीत मी त्यांना फाटकातून आत येताना पाहिलं. कंपनीचा निळा शर्ट, भुवयांत कापसाची भुरी, डोळे लाल. स्टाफरूममध्ये मॅडमनी आधी डोळ्यांकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी मागे सरकवली.

“जागरण झालेलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “की आणखी काही?”

बाबांना कळलं. मी त्यांच्या मानेकडे पाहत होते, ती कडक झाली. “ड्युटी होती मॅडम. नाइट. मी घेत नाही.”

मॅडमनी सगळं सांगितलं. बाबा प्रत्येक मार्काला मान हलवत होते, जणू मार्क पाठ करून ठेवायचे आहेत. मग मॅडम मला म्हणाल्या, “दप्तर रिकामं कर. चिठ्ठ्या असतील तर आत्ताच निघू देत.” पुस्तकं निघाली, डबा निघाला आणि तळाची डायरी निघाली. मॅडमनी उघडली. पानापानावर एक अक्षर आणि पुढे आकडे.

“फ, नऊ. से, बावीस. ही कसली खूण?”

उत्तर मला येत होतं. आयुष्यात कुठलंच उत्तर मला इतकं चोख येत नव्हतं. पण ते बाबांसमोर द्यायचं म्हणजे, रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगायचं की तुम्ही घरात झोपता म्हणून मी नापास होते. नाव गेलं तर जाऊ दे, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं.

“बोल ना! आता तोंड नाही?”

“बघू द्या मले,” बाबा म्हणाले. त्यांनी हात शर्टाला पुसला आणि डायरी घेतली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण ती तीन अक्षरं त्यांच्या आयुष्याची होती. पहिलं पान. दुसरं. अंगठ्याने हळूहळू उलटत गेले. मधेच मागे जाऊन एक पान पुन्हा पाहिलं. स्टाफरूममध्ये कोणीतरी कपात चमचा ढवळत होतं, तेवढाच आवाज.

“मॅडम,” ते म्हणाले, “हे नक्कल नाही होय. हे माही शिफ्ट होय. फ म्हणजे फर्स्ट. फर्स्ट असली का मी साडेआठले लाइट बंद करतो. मीच करतो. तवा हिले नऊ भेटले. से म्हणजे सेकंड. मी घरी नसतो. तवा बावीस.”

“म्हणजे तुमच्या ड्युटीमुळे हिचे मार्क कमी येतात, असं तुम्हाला म्हणायचंय?”

“मी नाही म्हणून राहिलो. पोरगी म्हणून राहिली. माह्यापाशी नाही बोलली, डायरीपाशी बोलली.”

मॅडमनी डायरी परत घेऊन दोन पानं उलटली. पटलं की नाही, ते चेहऱ्यावर आलं नाही. “बघू,” म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात एक चाचणी घेते. माझ्या टेबलाशी एकटी बसशील. मग ठरवते.”

मला त्या दिवशी लवकर सोडलं. बाबा सायकल हातात धरून चालत होते. सीताबर्डीच्या कोपऱ्यावर त्यांनी मला आलूबोंडा घेऊन दिला, स्वतः घेतला नाही. मग म्हणाले, “त्या अनघाचा बाप कोणत्या शिफ्टमंदी राहते?”

“त्यांना शिफ्ट नसते बाबा. दहा ते सहा.”

“रोज?”

“रोज.”

“हं,” बाबा म्हणाले, आणि घर येईपर्यंत सायकलच्या घंटीवर बोट ठेवून चालत राहिले, न वाजवता.

पुढच्या सोमवारी त्यांची फर्स्ट होती, पण ते दीडच्या बसने गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. सेकंड कोणालाच नको असते, कारण तिच्यात घर मिळत नाही. त्यामुळे शिफ्टची अदलाबदल करायला माणसं लगेच मिळाली. आईला मात्र हे सरळ वाटेना.

“काहून जी? सायबानं सजा देल्ली का?”

“सेकंडले गर्मी कमी राहते.”

“मे महिन्यात? दुपारी दीड वाजता?”

“तू डबा बांध वं.”

आईने वर्षभर संशय सोडला नाही. कधी तिला वाटायचं, कंपनीत भांडण झालं. कधी वाटायचं, माणसाचं घरात मन नाही. एकदा तर तिने मला विचारलं की बसमध्ये बाया असतात का. डायरी शाळेत बाहेर निघाली, हे बाबांनी तिला सांगितलं नव्हतं आणि मला सांगायला मनाई होती.

मॅडमच्या टेबलाशी बसून मला तेवीस मिळाले. यादीत माझं नाव खाली, वेगळ्या शाईत, तेरावं लिहिलं गेलं. दहावीच्या वर्षभर मार्क एका रेषेत राहिले, अनघासारखे. मॅडमनी एकदा वर्गात माझं उदाहरण दिलं: “वेगळं बसवलं की कशी अभ्यासाला लागली बघा.” मी खाली मान घालून ऐकलं. आज मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात निकालांचे तक्ते करते. शाळा, वस्ती, समाज, विषय, टक्के. बैठकीत साहेब लोक तक्ता बघून म्हणतात, त्या वस्तीतल्या मुलांना आवडच नसते, पालक लक्ष देत नाहीत. अशा वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघते आणि मनात विचारते, तुमचे वडील किती वाजता घरी यायचे? तक्त्यात त्याला रकाना नाही. एकदा मी टिपणीत तसा रकाना सुचवला होता. “अनावश्यक” असा शेरा येऊन टिपणी परत आली. मी ती जपून ठेवली आहे.

पण त्या वर्षाचा हिशोब पूर्ण सांगायचा तर हेही सांगितलं पाहिजे. बॅच दोनला सुटायची, मी पावणेतीनला घरी. बाबा दीडला गेलेले. रात्री ते येत तेव्हा मी झोपलेली, सकाळी मी निघे तेव्हा ते झोपलेले. आठवड्याच्या सुट्टीचा एक दिवस सोडला तर आम्ही एका घरात राहून एकमेकांना भेटलो नाही. पलंगावर माझी पुस्तकं असत आणि पुस्तकांखालच्या चादरीत कापसाची भुरी असे. सकाळी झाकणाखाली माझ्या वाटची अर्धी भाकर आणि जवसाची चटणी असायची. चटणी आता दुपारी वाटता यायची. ताटलीच्या कडेला कधी कधी कंपनीच्या कँटीनमधला गुळाचा खडा ठेवलेला असायचा. तो बाबांचा.

निकाल दुपारी लागला. अनघाला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, आणि पहिल्यांदाच मला त्याचा संशय आला नाही. मी कागद घेऊन धावत चौकात आले. एक वीस झाले होते, बस उभी होती, बाबा डबा घेऊन पायरीशी होते. भर दिवसा त्यांना पाहून मला ते बारीक झाल्यासारखे वाटले. त्यांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा केला, मग बसमधल्या माणसांना दाखवला. “माही पोट्टी,” म्हणाले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

“आता पुढच्या हप्त्यापासून पहिल्यासारखा बदलत्या शिफ्टवर जातो. सोमवारी फर्स्ट,” बाबा मला म्हणाले. “संध्याकाळी सोबत जेवू. तुही माय लई संशय घेऊन राहिली.”

मी हसले. मग त्यांनी माझ्या दप्तराकडे पाहिलं. सुट्टी होती, तरी ते माझ्या खांद्यावर होतं, सवयीने.

“राजूचंही लिहितेस का डायरीत?”

राजू तेव्हा आठवी संपवून नववीत चालला होता. त्याचं एक पान होतं. सातवीत वर-खाली, आठवीत सरळ रेघ. मला बाबांबरोबर रात्रीचं जेवण हवं होतं. एका पंगतीत, गरम भाकर, ते बोलतील ती कंपनीची कंटाळवाणी गोष्ट. आणि बाबांनी ते गरम जेवावं, हेही हवं होतं.

“नाही बाबा,” मी म्हणाले. “राजूचं नाही लिहीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याच्या पेल्याबद्दल विचारताना आईने पाहिलं होतं तसंच, जरा जास्त वेळ. मग बसमध्ये चढले.

सोमवारी मी पहाटे मुद्दाम उठून बसले, फर्स्टचा डबा बांधायला. साडेपाचला चौकात बस आली, भोंगा झाला, गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ते आठला उठले, अंघोळ केली, राजूच्या पुस्तकांना कव्हरं घातली, आणि दीडच्या बसने गेले.